आजोबांची अँबेसिडर चोवीसपट लहान करताना

निपाणीच्या एका तरुण वाचकाचा प्रश्न आहे. आजोबांची पांढरी अँबेसिडर घरातून जाऊन बरीच वर्षं झाली. तिचे दोनच फोटो उरलेत. एक वाड्यासमोरचा, बाजूने काढलेला, मागे स्टुडिओचा शिक्का आणि १९६९ साल. दुसरा आत्याच्या लग्नातला, १९७८ चा, समोरून. काका छातीठोकपणे सांगतात की गाडी १९६५ ची आणि मार्क वन होती. मित्र लग्नाचा फोटो बघून म्हणतो की ही मार्क थ्री. या वाचकाला तिचं १:२४ मापाचं, म्हणजे चोवीसपट लहान, मॉडेल करायचं आहे. किट मिळेल का, मापं कुठून घ्यायची, रंग कुठला द्यायचा, आणि जाता जाता, वडिलांच्या लहानपणीची ‘निकी टॉइज’ लिहिलेली धातूची जग्वार घरात आहे तीही नव्याने रंगवावी का, असं सगळं विचारलं आहे.

आधी मार्कचा, म्हणजे गाडीच्या आवृत्तीचा, वाद मिटवू, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. उत्तरपाड्याच्या हिंदुस्तान मोटर्सने इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज थ्रीवरून अँबेसिडर काढली. त्याआधीची लँडमास्टर ही ऑक्सफर्ड सिरीज टूची बहीण. तिच्या मागच्या मडगार्डांवर अँबेसिडरसारखे छोटे उंचवटे नाहीत. पहिल्या अँबेसिडरला, म्हणजे मार्क वनला, सुरुवातीला १४७६ सीसीचं जुनं साइड व्हॉल्व्ह इंजिन होतं, १९५९ पासून १४८९ सीसीचं ओव्हरहेड व्हॉल्व्ह आलं. १९६३ च्या सुमारास समोरची जाळी बदलून बारीक चौकड्यांची झाली, ती मार्क टू. १९७५ ला मार्क थ्री आली: चौकडा जाऊन आडव्या पट्ट्या, आणि इंडिकेटर गोल होऊन जाळीच्या बाहेर सरकले. १९७९ च्या मार्क फोरला जाळी लहान झाली, चौकोन मोठे झाले, इंडिकेटरही चौकोनी आले.

आता तुमचे फोटो बघा. लग्नाच्या फोटोत आडव्या पट्ट्या आणि बाहेर गोल इंडिकेटर स्पष्ट दिसतात, म्हणजे तोंड मार्क थ्रीचं, मित्र तेवढ्यापुरता बरोबर आहे. पण गाडी १९६९ ला वाड्यासमोर उभी होती, तेव्हा मार्क थ्री जन्मालाही आली नव्हती. म्हणजे गाडी जुनी आणि तोंड नंतर बसवलेलं. काकांचं १९६५ साल खरं असू शकतं, पण त्या सालची गाडी मार्क वन नव्हे, मार्क टू. आपल्याकडे हे फार झालेलं आहे. कुठेतरी धडक बसली, जाळी आणि समोरचा पत्रा बदलायची वेळ आली की मेस्त्री जे मिळेल ते बसवायचा. कित्येकांनी तर गाडी नवी दिसावी म्हणून हौसेनेही तोंड बदलून घेतलं. मूळ सांगाडा तोच असल्यामुळे ते जमायचं. म्हणून फक्त जाळीवरून गाडीचं वय सांगणाऱ्याचं मी कधीच मानत नाही. जुन्या ट्रंकेत आरसी बुकाची किंवा विम्याच्या कागदाची प्रत सापडते का ते शोधा; त्यात उत्पादनाचं साल आणि चॅसिस नंबर मिळाला तर प्रश्नच संपला.

नंबरप्लेटवर ‘एमवाय’ आहे, म्हणून गाडी १९७३ च्या आधीचीच, असंही तुम्ही लिहिलं आहे. एवढं ताणू नका. बेळगाव जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, म्हणून आपल्या भागातल्या त्या काळच्या गाड्यांवर ‘एमवाय’ने सुरू होणारी अक्षरं दिसतात. राज्याचं नाव १९७३ ला कर्नाटक झालं, पण नाव बदललं म्हणून त्याच दिवशी गाड्यांची अक्षरंही बदलली असं धरता येत नाही. प्लेटवरून गाडी म्हैसूर राज्याच्या खात्यात नोंदली गेली एवढं कळतं, साल कळत नाही. आजची बेळगावची केए-२२ किंवा चिक्कोडीची केए-२३ ही पद्धत १९८९ नंतरची. मॉडेलवर मात्र ती जुनीच प्लेट हवी, काळ्यावर पांढरी अक्षरं. खाजगी गाड्यांना तेव्हा तीच असायची. आणि अक्षरं कॉम्प्युटरच्या फाँटात छापू नका. त्या प्लेटा पेंटर हाताने रंगवायचे, प्रत्येकाचं वळण वेगळं. लग्नाचा फोटो मोठ्या रिझोल्यूशनला स्कॅन करा, प्लेटवरचं वळण जसंच्या तसं गिरवून घ्या आणि मग छापा. घरातल्या माणसांना गाडी ओळखू येते ती अशाच गोष्टींवरून.

इथे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते सांगतो. मॉडेल ‘अँबेसिडर मार्क टू’चं करू नका, एका ठरावीक दिवशीच्या त्या एका गाडीचं करा. १९६९ चा दिवस घेतलात तर बाजू फोटोत आहे, पण तोंड दिसत नाही. ते दुसऱ्या मार्क टूवरून उचलावं लागेल आणि ते तुमच्या आजोबांच्या गाडीचं नसेल. १९७८ घेतलंत तर तोंड पुराव्यानिशी आहे आणि बाजू जुन्या फोटोतून मिळते. मी तुमच्या जागी असतो तर लग्नाचा दिवस घेतला असता. बॉनेटवर झेंडूची माळ आहे, मागच्या काचेला पडदा आहे, टपावर कॅरियर आहे. हे सगळं पुस्तकात कुठेही मिळणार नाही, फक्त तुमच्याकडे आहे. मार्क टूचा सांगाडा आणि मार्क थ्रीचं तोंड ही जोडी बघून एखादा जाणकार नाक मुरडेल. फोटो त्याच्यासमोर ठेवा.

किटबद्दल: टॅमिया किंवा एअरफिक्स या किट काढणाऱ्या कंपन्यांच्या यादीत अँबेसिडर नाही. सेंटी या खेळणी कंपनीची प्लास्टिकची अँबेसिडर खेळणं म्हणून चांगली आहे, पण ती मापात नाही. टप आणि चाकांचं प्रमाण खेळण्याच्या हिशोबाने बदललेलं आहे. तिला कापून सरळ करणं हे नव्याने करण्याहून अवघड. हात बसवायला एखादं किट हवंच असेल तर एअरफिक्सचं १:३२ ट्रायम्फ हेराल्ड शोधा. मद्रासला स्टँडर्ड मोटर्सने जी स्टँडर्ड हेराल्ड काढली ती मुळात हीच गाडी, इटलीच्या मिकेलोत्तीने आखलेली. तिचं बॉनेट आणि पुढची दोन्ही मडगार्डं एकत्र उचलली जातात, त्यामुळे किटमध्ये जोड कसे लपवायचे हे शिकायला ती उत्तम.

अँबेसिडर मात्र स्वतःच घडवावी लागेल, आणि त्यासाठी आपल्या भागासारखी जागा नाही. उद्यमबागेतल्या फाउंड्र्यांमुळे बेळगावात पॅटर्न, म्हणजे साचा घेण्यासाठीचा मूळ नमुना, करणाऱ्यांच्या पिढ्या तयार झाल्यात. मी त्याच धंद्यात हात काळे केले. लाकडाचा पॅटर्न करणारा माणूस वक्र पृष्ठभाग डोळ्यांनी नाही, टेम्प्लेटने, म्हणजे त्या वळणाच्या कापलेल्या पट्टीने तपासतो. ती सवय मॉडेलला जशीच्या तशी लागू पडते.

मापं कंपनीच्या आकड्यांवरून सुरू करा. लांबी ४३२५ मिमी, रुंदी १६६२, उंची १५९३, व्हीलबेस २४६४. १:२४ ला भागलं की लांबी साधारण १८०.२ मिमी, रुंदी ६९.३, उंची ६६.४ आणि व्हीलबेस १०२.७. तेच १:४३ ला लांबी शंभर मिमीच्या जरा वर जाते. १:४३ हे माप आलं ते इंग्लंडच्या ओ गेज रेल्वे मॉडेलवाल्यांकडून, एका फुटाला सात मिलिमीटर या हिशोबाने. डिंकी या इंग्लिश खेळण्यांतल्या धातूच्या कितीतरी गाड्या त्याच्या आसपासच्या. १:२४ म्हणजे एका फुटाला अर्धा इंच. पहिल्यांदाच करताय आणि शोकेसमध्ये दोन पावलांवरून दिसलं पाहिजे, तर १:२४ हाच योग्य निर्णय. १:१८ ला आतला डॅशबोर्ड, सीटची शिवण, दाराची हँडलं सगळं खरं करावं लागतं आणि काम अर्ध्यावर राहतं.

आकडे म्हणजे फक्त चौकट झाली. वळणं खऱ्या गाडीवरूनच घ्या. इथे अँबेसिडरने आपल्यावर मोठा उपकार केलेला आहे: सुरुवातीपासून २०१४ ला उत्पादन थांबेपर्यंत तिचा टप, दारं आणि काचांच्या चौकटी जवळजवळ तशाच राहिल्या. त्यामुळे १९६५ चीच गाडी सापडायला हवी असं नाही. एखाद्या गॅरेजमागे उभी असलेली नव्वदच्या दशकातली सरकारी अँबेसिडर सापडली तरी टपासाठी ती तितकीच चालते. मालकाला विचारून अर्धा दिवस मागा. गाडी सपाट फरशीवर उभी करा, चाकांत हवा भरून घ्या. ओळंबा सोडा आणि प्रत्येक महत्त्वाचा बिंदू खाली खडूने उतरवा: बंपरची टोकं, चाकांचे मध्य, दारांच्या फटी, काचांचे कोपरे. मग त्या बिंदूंची फरशीपासूनची उंची मोजा. वक्र भागांसाठी सोल्डरची जाड मऊ तार पत्र्यावर दाबून वाकवा आणि लगेच पुठ्ठ्यावर गिरवा. पत्र्यावर आधी कापड ठेवा, मालकाच्या रंगावर ओरखडा नको.

फोटोही काढा, पण मोबाईल घेऊन गाडीजवळ उभं राहून नाही. जवळून काढलेल्या फोटोत जवळचं मडगार्ड फुगतं आणि मागचा भाग आखडतो. गाडीच्या लांबीच्या चार-पाच पट अंतर मागे जा आणि झूम करा. अगदी बाजूने काढलेल्या फोटोत उंची ही व्हीलबेसच्या ०.६५ च्या जवळपास यायला हवी. तसं आलं तर त्या फोटोवरून बाकीची मापं काढता येतात. तुमच्या १९६९ च्या फोटोवरही हीच कसोटी लावा. कॅमेरा किती तिरपा होता ते कळेल.

मूळ पॅटर्न कशाचा करायचा? थ्रीडी प्रिंट आता सोपं झालं आहे, पण इंटरनेटवर मिळणाऱ्या फायलींवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. वर दिलेले चार आकडे आधी त्या फायलीवर मोजा. त्यातल्या कितीतरी फायली गेमसाठी केलेल्या असतात आणि टप दाबलेला असतो. मला स्वतःला लाकूड आवडतं. बारीक रेषांचं सागवान चालतं, पण या मापाला मऊ आणि एकजीव लाकूड बरं. सावंतवाडीचे खेळणी करणारे कारागीर पांगारा वापरत आले ते उगीच नाही. लाकूड सच्छिद्र असल्याने सीलर दोन-तीन हात द्यावा लागतो, मग लांबी (पुटी), मग घासणं. पॅटर्नवरून सिलिकॉनचा साचा आणि त्यात पॉलियुरेथेन रेझिन. रेझिन आक्रसतं ते फारच थोडं. पण कुणी अॅल्युमिनियममध्ये ओतायचं म्हणत असेल तर साधारण १.३ टक्के आक्रसणं धरून पॅटर्न दोन मिमीहून जास्त लांब करायला लागतो, नाहीतर हाती येते ती १:२४ राहत नाही. फाउंड्रीत हे कुणालाही विचारा.

आता ज्या दोन गोष्टींवर मॉडेल उठतं किंवा पडतं त्या. पहिली, टप. अँबेसिडरचा टप आडवा आणि उभा दोन्ही दिशांनी फुगीर आहे, आणि मागे उतरताना काचेच्या वर किंचित रेंगाळून मग पडतो. नवशिके तो सपाट करतात. सपाट टप झाला की कितीही क्रोम लावा, गाडी कुठल्यातरी दुसऱ्या कंपनीची वाटते. तीन टेम्प्लेटा करा: समोरच्या काचेच्या वर, मधल्या खांबावर, मागच्या काचेच्या वर. तिन्ही बसल्याशिवाय पुढे जाऊ नका.

दुसरी, गाडीची बैठक. १:२४ मध्ये एक मिमी म्हणजे खऱ्या गाडीत २४ मिमी, जवळजवळ एक इंच. चाक मडगार्डात एक मिमी वर-खाली झालं तर गाडी लंगडी दिसते. अँबेसिडरला पुढे टॉर्शन बार, म्हणजे पिळली जाणारी दांड्याची स्प्रिंग, आणि मागे पाटे, म्हणजे पट्ट्यांची स्प्रिंग असते. पाटे दमलेल्या गाडीची मागची बाजू बसते. तुमच्या गाडीच्या मागच्या सीटवर लग्नाच्या दिवशी कोण कोण बसलं होतं ते आत्याला विचारा आणि १९६९ च्या बाजूच्या फोटोत मागचं मडगार्ड चाकावर किती उतरलंय त्याच्याशी ताडून बघा. टायर ५.९०-१५ होते, पंधरा इंची रिम १:२४ ला १५.९ मिमी. बाजारात मिळणारी स्पोर्ट्स गाडीची रुंद चाकं लावलीत तर सगळा टपाचा कष्ट वाया. अँबेसिडरचं चाक अरुंद आहे आणि टायरचा गाल उंच आहे.

दारांच्या फटी बारीक ठेवा. खऱ्या गाडीत पाच-सहा मिमीची फट इथे पाव मिमी होते. दारावरची पाणी वळवणारी पन्हळ वेगळी लावा, पातळ तारेची. घासताना ती मूळ कास्टिंगमधून नेहमी उडते. हँडलांच्या जागाही नीट बघा. फियाटवाल्यांना हे जास्त लागू पडतं: डुक्कर फियाटची पुढची दारं मागच्या बाजूला बिजागऱ्या असलेली, पद्मिनीची पुढच्या बाजूला. लोक पद्मिनीच्या बॉडीवर जुनी जाळी बसवून तिला डुक्कर फियाट म्हणून ठेवतात आणि हँडल चुकीच्या टोकाला राहतं.

रंगाचं बोलू. पांढरा म्हणून डब्यातला शुभ्र पांढरा घेऊ नका. त्या काळचा ड्युको, म्हणजे नायट्रोसेल्युलोजचा गाडीचा रंग, काही वर्षांत पिवळसर होतो. शिवाय लहान मापावर शुद्ध पांढरा डोळ्यांना खुपतो आणि आकार दिसेनासे होतात. पांढऱ्यात किंचित पिवळी माती आणि त्याहून कमी काळा. घरच्या कुठल्यातरी फोटोत गाडीशेजारी पांढरं धोतर किंवा टोपी असेल तर तुलना करा, फरक लगेच कळतो. हात पातळ द्या. जाड रंगात फटी बुजतात. चमकही थोडी कमी ठेवा.

हवेचं मात्र ऐका. नायट्रोसेल्युलोजचा रंग दमट हवेत फवारला की वर पांढरट दुलई चढते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा कशी असते ते वेगळं सांगायला नको. पावसाळ्यात कापणं, लांबी, घासणं उरकून घ्या, रंग दिवाळीनंतर. हार्डनर घालून मारायचा टू-के रंग वापरणार असाल तर त्यातलं आयसोसायनेट फुप्फुसाला धोकादायक आहे. साधा कापडी मास्क उपयोगाचा नाही, त्या कामाचं रेस्पिरेटर आणि मोकळी हवा लागते. रेझिनही पाण्याखालीच घासा, धूळ उडू देऊ नका.

क्रोमसाठी स्प्रेपेक्षा पातळ फॉइल सरस. बॉनेटवरची पट्टी, काचेभोवतीची चौकट, बंपर यांवर फॉइल चिकटवून लाकडी काडीने दाबत बसवा आणि नव्या ब्लेडने कडा कापा. जाळीच्या आडव्या पट्ट्यांमध्ये पातळ काळा सोडा, म्हणजे खोली येते.

मळवण्याचा मोह बऱ्याच जणांना होतो. लग्नातली गाडी धुतलेली असते, त्यामुळे तुमच्या मॉडेलवर फक्त टायर आणि मडगार्डांच्या आतल्या बाजूला धूळ हवी. पण कुठली धूळ? खानापूर-जांबोटीकडची गाडी असती तर लाल. अथणी-रायबागची असती तर काळ्या मातीची, वाळल्यावर करडी. लग्न कुठे झालं आणि वऱ्हाड कुठल्या रस्त्याने आलं ते घरी विचारा. टायर निव्वळ काळे नकोत, गडद करडे करा.

शेवटी निकी टॉइज. तिला हात लावू नका. लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीचे डिंकीचे वापरून झालेले साचे साठच्या दशकाच्या उत्तरार्धात कोलकात्याला आले आणि त्यांतून निकीच्या गाड्या निघाल्या. तळावरचं डिंकीचं नाव खोडून निकी केलेलं असतं. झिजलेल्या साच्यांमुळे कडा बोथट आणि रंग जाड असतो, पण तोच तिचा पुरावा आहे. नव्याने रंगवली की तो गेला, आणि संग्राहकांच्या लेखी किंमतही गेली. मऊ ब्रशने धूळ झाडा, फार तर ओलसर कापडाने पुसा. भिंगाखाली एकदा नीट तपासा: धातू फुगलेला, बारीक जाळीदार तडे गेलेले दिसले तर तो जस्ताच्या मिश्रधातूतला दोष असतो, ओतताना शिसं मिसळलं गेलं की वर्षांनी उद्भवतो. त्याला औषध नाही, फक्त दमटपणापासून लांब ठेवून तो लांबवता येतो. पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ती ठेवू नका. काचेच्या पेटीत सिलिका जेलची पुडी टाकून ठेवा आणि पुडी अधूनमधून तापवून वाळवा.

पुढचं काम तुमच्याकडे आहे. वाड्यासमोरच्या फोटोचा मोठा स्कॅन काढून पाठवा. पुढच्या मडगार्डावर आरसा आहे की नाही, आणि कॅरियर तेव्हाही होता का, हे त्यात दिसलं पाहिजे. लग्नाच्या फोटोत गर्दीमुळे उजवं मडगार्ड झाकलं आहे. आत्याच्या सासरी त्या दिवसाचे आणखी फोटो असतील तर ते मिळेपर्यंत मडगार्डावर छिद्र पाडू नका.